पिस्तुलाच्या टोकावरची माशी

मित्रांनो, मी एक जुनी माशी आहे. मला पंख नाहीत, पाय नाहीत आणि मी कधी कुणाच्या ताटावर बसलेली नाही. पिस्तुलाच्या पुढच्या टोकावर, वरच्या बाजूला, नखाएवढा पोलादाचा एक उभा तुकडा असतो. नेम धरताना तो समोर दिसतो. त्याला माशी म्हणतात. ती मी.

पिस्तुलाच्या दुसऱ्या टोकाला, डोळ्याच्या बाजूला, एक चौकोनी खाच असते. नेम धरणाऱ्याने त्या खाचेतून माझ्याकडे पाहायचे. माझा माथा खाचेच्या कडांशी समपातळीत हवा आणि माझ्या दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी फट हवी. एवढे जमले की गोळी मी दाखवते तिथे जाते.

ऐकायला सोपे वाटते. पण माणसाचा हात कधी स्थिर नसतो. श्वास घेतला की मी वर जाते, सोडला की खाली येते, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला थोडी डावी-उजवी होते. कमरेला बांधलेल्या पिस्तुलाच्या पाकिटात असले तरी चालणाऱ्याच्या पावलाबरोबर हलत असते. स्वस्थ बसणे म्हणजे काय, ते मला जन्मापासून ठाऊक नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाच्या लांब पट्टीतून यंत्राने माझ्यासारख्या साठ-सत्तर माश्या कापल्या. कापताना अंगावरून दुधासारखे पांढरे, गार पाणी वाहत होते. मग गंज चढू नये म्हणून आम्हाला एका काळ्या, उकळत्या द्रावणात बुडवले. शेवटी एका बाईंनी बारीक कुंचल्याने माझ्या पाठीवर पांढरा ठिपका ठेवला. त्यांनी मला डोळ्याजवळ नेऊन पाहिले, मान हलवली आणि पुढच्या माशीला हात घातला. इतक्या स्पष्ट नजरेने नंतर माझ्याकडे फार कमी लोकांनी पाहिले.

मला पिस्तुलावर बसवले ते पितळी हातोडीने, हलक्या ठोक्यांनी. चाचणीत गोळी थोडी बाजूला गेली तेव्हा मला केसभर सरकवले. त्या केसभराला फार महत्त्व आहे, मित्रांनो. माझ्यात आणि खाचेत जेमतेम पंधरा सेंटिमीटरचे अंतर. मी अर्धा मिलिमीटर सरकले, तर पंधरा मीटरवर गोळी पाच सेंटिमीटर सरकते. माझी छोटी चूक लांब जाऊन मोठी होते. म्हणून मला नेहमी धाकधूक असते.

सात वर्षांपूर्वी आमचे पिस्तूल राजेंद्रकाकांकडे आले. राजेंद्रकाका दौलताबादजवळच्या एका गावचे. घरी पेरूची बाग, बागेत भाऊ राबतो. स्वतः काका सतरा वर्षे फौजेत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी रीतसर परवाना काढला आणि शहरातल्या गजबजलेल्या गुलमंडी बाजारात एका सराफी पेढीच्या दारावर सशस्त्र रखवालदार म्हणून उभे राहिले. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करतात. तेव्हा मीही पावती बांधून महिना-दोन महिने तिथल्या कपाटात राहून आले. एरवी मी काकांच्या कमरेला.

दर सहा महिन्यांनी आमची परीक्षा असायची. शहराबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी गोळीबाराची रेंज आहे. दहा मीटरवर कागदाचे टार्गेट, त्यावर जेवणाच्या ताटाएवढे वर्तुळ, आणि दहा गोळ्या. आठ वर्तुळात बसल्या पाहिजेत. नाही बसल्या तर पंधरा दिवसांनी एक संधी, आणि तीही हुकली तर दारावरचे काम गेले. मग शहराबाहेरच्या गोदामावर काठी घेऊन बसायचे.

रेंजवर परीक्षा घ्यायच्या त्या निशा मॅडम. त्यांची एक पद्धत होती. गोळी झाडण्यापूर्वी प्रत्येकाला त्या विचारायच्या, "मागं काय आहे?" आणि प्रत्येकाने टार्गेटच्या मागे काय दिसते ते मोठ्याने सांगायचे.

"मातीचा बांध, मॅडम," काका म्हणायचे.

एकदा शिवराजने विचारले. हा शिवराज म्हणजे पेढीवरचा दुसरा रखवालदार, अठ्ठावीस वर्षांचा, तोंडाने तिखट. "मॅडम, इथं रोज बांधच असतो. तुम्ही दर वेळी विचारता, बांध काय पळून जाणार आहे का?"

"इथं बांध आहे," मॅडम म्हणाल्या. "गुलमंडीत नाही. म्हणून सवय लावते. बोला, मागं काय आहे?"

"बांधच आहे, मॅडम," शिवराज म्हणाला, आणि सगळे हसले.

पहिली चार-पाच वर्षे माझे कौतुक झाले. काका मला स्वच्छ ठेवायचे, तेलाचा हलका हात फिरवायचे. दहात नऊ, कधी दहा. "माशी धरून मारतो हा माणूस," असे लोक म्हणायचे, तेव्हा मला बरे वाटायचे.

मग काहीतरी बदलू लागले. काका हात आणखी लांब करू लागले. मान मागे नेऊ लागले. डोळे बारीक करू लागले. मी होते तिथेच होते, पण त्यांच्या नजरेत माझ्या कडा विरघळत चालल्या होत्या. माणसाच्या डोळ्यात एक भिंग असते. जवळचे पाहताना ते फुगते, लांबचे पाहताना सैल होते. चाळिशी ओलांडली की ते कडक होऊ लागते आणि फुगायला तयार होत नाही. काका एकोणपन्नास वर्षांचे झाले होते. पेपर वाचायला त्यांनी एक तयार चष्मा आणला होता, पण तो घरी उशाशी असायचा. कामावर चष्मा लावणे त्यांना कमीपणाचे वाटे.

गेल्याच्या गेल्या वर्षीची धनत्रयोदशीची दुपार मी विसरू शकत नाही.

पेढीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका माणसाने गिऱ्हाईक बनून साखळ्यांचा ट्रे मागवला, नोकराला सुरा दाखवला आणि ट्रे घेऊन दाराबाहेर पळाला. काकांनी पिस्तूल काढले. मी त्यांच्या डोळ्यासमोर आले. माझ्यापुढे त्या माणसाचा तपकिरी सदरा होता. सदऱ्याच्या पलीकडे रांगोळीची गाडी होती, आणि गाडीशी एक बाई आणि तिची सात-आठ वर्षांची मुलगी रंगांच्या पुड्या निवडत होत्या. मला सगळे लख्ख दिसत होते. काकांना मात्र मी दिसत नव्हते. त्यांच्या नजरेत मी एक करडा डाग झाले होते, आणि त्या डागाखाली तो सदरा आणि ती मुलगी दोन्ही झाकले गेले होते.

काकांचे बोट थांबले. पिस्तूल खाली आले. तो माणूस चौकात हातगाडीला धडकून पडला आणि फेरीवाल्यांनी त्याला धरले.

त्यानंतर व्यापाऱ्यांनी काकांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, चार भाषणे. गर्दीत गोळी न झाडण्याचा केवढा संयम, असे प्रत्येक जण म्हणत होता. काका मान खाली घालून बसले होते. लोकांना तो विनय वाटला. मला ठाऊक होते की तो संयम नव्हता. त्यांना दिसलेच नव्हते. आणि एक गोष्ट मला त्याहून जास्त छळत होती. दिसत नसताना माणूस थांबला, हे त्या दिवसापुरते झाले. पुढच्या वेळी तो थांबेलच, हे कुणी सांगावे?

मार्चच्या परीक्षेआधी एक छापील अर्ज भरायचा असतो. त्यात एक रकाना आहे, दृष्टी. काकांनी दर वेळेसारखे लिहिले, "ठीक". त्या दिवशी दहात बरोबर आठ बसल्या. आठवी तर वर्तुळाच्या रेषेवर होती.

हे शिवराजने हेरले. दुपारच्या चहाला तो म्हणाला, "काका, माशी सोडा आता. डॉट लावा."

"कसला डॉट?"

"रेड डॉट. पिस्तुलाच्या पाठीवर छोटी काच बसते. त्यात लाल ठिपका दिसतो. ठिपका माणसावर आला की काम झालं. खाच बघा, माशी बघा, फट बघा, ही कसरतच नाही."

"सतरा वर्षं माशीवर मारलं मी. बर्फात मारलं, वाळूत मारलं. माशीला सेल लागत नाय."

"सेल तर तुमच्या टॉर्चलाबी लागतो. मग काय मशाल घेऊन गस्त घालता का?"

"काच फुटली म्हंजे?"

"तर माशी आहेच की खाली. ती कुठं जाती? काका, मेरी मानो. नुसतं लावून तर बघा."

काकांनी निशा मॅडमना विचारले. मॅडमनी दोन्हींची बाजू सांगितली. माशीला काच नाही, सेल नाही, पावसाची भीती नाही. पण डोळ्याला तीन ठिकाणी पाहावे लागते, खाच, माशी आणि समोरचा माणूस, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावरचे नीट पाहतो. ठिपक्याचे उलट. त्याचा दिवा काचेवरून अशा रीतीने परावर्तित होतो की ठिपका लांब, समोरच्या माणसाजवळच असल्यासारखा दिसतो. नजर माणसावरच राहते.

"म्हणजे कोणतं चांगलं?" काकांनी विचारले.

"तुमच्या डोळ्यावर आहे," मॅडम म्हणाल्या. "डोळे कसे आहेत?"

"ठीक," काका म्हणाले.

मी पोलादाची आहे, मित्रांनो. मला ओरडता येत नाही.

जुलैत परवानाधारक दुकानातून काकांनी ठिपका बसवून घेतला. आमच्या पिस्तुलाच्या पाठीवर त्यासाठी जागा कारखान्यातच केलेली होती. एक काळी चौकट आली, तिच्यात अंगठ्याच्या नखाएवढी काच. त्या काचेच्या तळाशी मी दिसत होते, पण आता माझ्याकडे पाहायचे कारण उरले नव्हते. मॅडमनी शिकवले, "हा ठिपका चंद्रासारखा आहे. तुम्ही चालता तेव्हा झाडं मागं जातात, चंद्र बरोबर येतो, कारण तो फार लांब आहे. तसंच डोकं थोडं हललं तर ठिपका काचेत सरकेल. मध्यावर नसला तरी चालतो. तो जिथं टेकला, गोळी तिथं."

काकांना हे पटले, आणि नेमही सुधारला. दहात नऊ बसू लागल्या. एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला विचारली नाही. त्यांना तो ठिपका गोल दिसत नव्हता. स्वल्पविरामासारखा दिसायचा, शेपटी असलेला, कडांना फाटलेला. त्यांना वाटले, सगळ्यांनाच तसा दिसत असेल. खरे तर त्यांच्या डोळ्याचा बाहेरचा पडदा सगळीकडे सारखा गोल नव्हता, म्हणून प्रकाशाचा बिंदू त्यांना ओढल्यासारखा दिसत होता. पण विचारले असते तर डोळ्यांचा विषय निघाला असता.

मला आता तेलाचा हात क्वचित मिळायचा. पाठीवरचा पांढरा ठिपका धुळीने पिवळा पडला. कुणी पाहत नाही म्हणून मला वाईट वाटत होते, हे मी नाकारत नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची आणि अवजारांची पूजा असते, हे तुम्हाला माहीतच आहे. काकांच्या घरी पाटावर कोयता, विळा, खुरपे, बागेतला फवारणीचा पंप, पुतणीचा लॅपटॉप आणि मध्यभागी आमचे पिस्तूल. काकांनी गोळ्यांचे मॅगझिन काढून कपाटात ठेवले होते, नळी दोनदा तपासली होती. दिवसभर सेल कशाला जाळायचा म्हणून शिवराजच्या सल्ल्याने ठिपकाही बंद केला होता.

पूजा करायला काकांच्या आई मनकर्णाबाई बसल्या. ओल्या कुंकवात बोट बुडवून त्या एकेका वस्तूला लावत होत्या.

"ह्ये काय रं नवीन?" त्यांनी काचेकडे पाहून विचारले.

"त्यातून बघायचं असतं, आई."

"म्हंजे ह्याचा डोळा म्हण की. मंग डोळ्याला आधी लावाया पायजे. लई काम करतो बिचारा." आणि त्यांनी काचेवर, थोडे डावीकडे, थोडे खाली, कुंकवाचे एक बोट टेकवले.

काका हसले. संध्याकाळी त्यांनी फडक्याने पिस्तूल पुसले. पण काच चौकटीत आत होती, फडके तिथे पोचले नाही. आणि इतक्या जवळचे काकांना दिसत नव्हते. कुंकू काचेवर वाळून घट्ट बसले. दुसऱ्या दिवशी दसरा. तिसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा.

रेंजवर ऊन पाठीमागून येत होते. सगळ्यांनी कानांवर आवरणे चढवली. मॅडमनी विचारले, "मागं काय आहे?"

"मातीचा बांध."

काकांनी हात लांब केले. काचेत त्यांना डावीकडे खाली एक लाल, फाटका डाग दिसला. रोज दिसायचा तसाच. मध्यावर नव्हता, पण मध्यावर नसला तरी चालतो, हे त्यांना शिकवलेले होते. त्यांनी तो डाग वर्तुळावर आणला आणि ट्रिगर दाबला.

मित्रांनो, तुम्ही भूमितीत शिकला असाल. एका बिंदूतून हव्या तितक्या रेषा काढता येतात, पण दोन बिंदूंतून एकच. मी आणि खाच, आम्ही दोघी मिळून एक रेष ठरवतो. खरा ठिपका आपल्या प्रकाशातच दिशा घेऊन येतो. कुंकवाचा डाग मात्र काचेवरचा एक बिंदू होता. तो वर्तुळावर ठेवून पिस्तूल कुठेही वळले असते. पहिल्या गोळीला मी वर्तुळाच्या उजवीकडे रोखलेली होते. दुसऱ्या वेळी फार वर. तिसरी कागदाच्या बाहेर गेली. मी खाचेच्या मध्ये नव्हतेच. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिले असते तरी कळले असते. पाचव्या गोळीने शेजारच्या टार्गेटची लाकडी खुंटी फोडली.

"थांबा," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी पिस्तूल घेतले, रिकामे केले, पुन्हा तपासले. मग काचेतून पाहिले. मग काच उन्हात धरली. नखाने चौकटीच्या आत खरवडले आणि बोट काकांसमोर धरले. बोटावर लाल होते.

"काका, हे कुंकू आहे."

शिवराज हसू आवरत म्हणाला, "ए काका, आजीनं डॉटला सौभाग्यवती केलं की."

"शिवराज, गप्प बस," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "ठिपका बंद आहे. चालूच केलेला नाही. काका, कुंकवाचा डाग आणि ठिपका यात तुम्हाला फरक दिसला नाही?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

"रोज ठिपका कसा दिसतो तुम्हाला?"

"शेपटी असल्यावानी."

"आणि माशी?"

काकांनी त्या फुटलेल्या खुंटीकडे पाहिले. शिवराजचे हसू गेले होते.

"माशी दिसत नाय, मॅडम," काका म्हणाले. "दोन वर्षं झाली."

मग त्यांनी धनत्रयोदशीची दुपारही सांगितली. तपकिरी सदरा, रांगोळीची गाडी, ती मुलगी. "लोकांनी शाल घातली. मला वाटलं, सांगावं. पण सांगितलं असतं तर दारावरून गोदामात. आणि गोदामात गेलो असतो तर गावात काय सांगायचं, की फौजी म्हातारा झाला?"

"म्हातारे नाही झालात," मॅडम म्हणाल्या. "पन्नाशीला आलात. सगळ्यांचं होतं. आज तुम्ही नापास आहात. पंधरा दिवसांनी या. तोवर पिस्तूल कपाटात कुलपाखाली. आधी डोळे तपासून घ्या, मग ठिपका की माशी ते बघू."

"डोळं चांगलं निघालं नाय तर?"

"तर गोदाम. तिथंही माणसंच असतात."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी गेले नाही, अर्थातच. पण त्यानंतर काका घरी आले, कपाट उघडले आणि नवा चष्मा लावून माझ्याकडे पाहिले. चष्म्याच्या वरच्या भागातून लांबचे दिसते, खालच्या भागातून पुस्तकाच्या अंतरावरचे. माझी जागा हाताच्या अंतरावर, दोन्हींच्या मधली. त्यामुळे मी अजूनही थोडी धूसरच होते. पण त्यांनी ठिपका सुरू केला, भिंतीकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"आई, गोल हाय," ते म्हणाले. "मोहरीवानी गोल."

"काय गोल हाय?" आतून मनकर्णाबाईंनी विचारले. काचेवर कुंकू लावल्याबद्दल त्यांना कुणी काही बोलले नव्हते, पण त्यांना कळले होते.

"काय नाय, आई. तुझ्या बोटानं माझं डोळं उघडलं."

"मला लाजवू नगं."

त्या क्षणी निवड झाली, मित्रांनो. काकांच्या डोळ्यांसाठी ठिपका योग्य होता. लांबचा माणूस आणि ठिपका दोन्ही त्यांना एकाच वेळी स्पष्ट दिसत होते, आणि मी कितीही नीट बसवलेली असले तरी त्या जागी मी त्यांना स्पष्ट दिसू शकत नव्हते. मी हे मान्य केले. जड गेले, पण मान्य केले. ज्याच्या हातात पिस्तूल, त्याच्या डोळ्याला काय दिसते हे आधी. माशीचा मान नंतर.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा रेंजवर गेलो. दिवाळी चार दिवसांवर होती. काकांनी आधी अर्ज मागून घेतला. "दृष्टी" या रकान्यात त्यांनी लिहिले, "चष्म्याने लांबचे स्पष्ट, हाताच्या अंतरावरचे पुसट." मॅडमनी वाचले आणि सही केली.

दहात नऊ. मग मॅडमनी ठिपका बंद करायला लावला. "आता पाच गोळ्या माशीवर."

"पुसट दिसती, मॅडम."

"दिसू द्या. कडा शोधू नका. दोन्ही बाजूंना उजेड सारखा आहे का, एवढंच बघा."

काकांनी माझ्या डाव्या-उजव्या बाजूचा उजेड पाहिला. कित्येक महिन्यांनी कुणी मला विचारत होते. मी हलत होते, नेहमीसारखी, पण हलत हलत मध्यावर येत होते. पाचात चार. तीही जेवणाच्या ताटात.

"पास," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून दारावर."

शिवराजने पाठीवर थाप मारली. "काका, चहा तुमच्याकडून."

काका पिस्तूल रिकामे करत होते. "मॅडम, एक विनंती हाय. दिवाळीत मी शिट्टी घिऊन उभा राहतो. पिस्तूल नको."

"का?"

"चष्मा नवा हाय. खालची पायरी वर आल्यावानी दिसती. परवा पेढीच्या उंबऱ्याला अडखळलो. अजून एक महिना मला इथं येऊ द्या. हप्त्यातून दोनदा."

"काका, पास झालात की," शिवराज म्हणाला. "मॅडमनी सही केली."

"कागदाला पास झालो. गर्दीला नाय."

मॅडमनी काकांकडे पाहिले, मग अर्जावर महिनाभराच्या सरावाची आणखी एक ओळ लिहिली.

पेढीच्या शेठजींना ते आवडले नाही. धनत्रयोदशीला दारावर हत्यार नाही म्हणजे काय, असे ते म्हणाले. तेव्हा काकांनी त्यांनाही गेल्या वर्षीची दुपार सांगितली. शेठजींनी गल्ल्यावर हात फिरवला. मग म्हणाले, "ती रांगोळीवाल्याच्या गाडीजवळची बाई आपली जुनी गिऱ्हाईक आहे, माहीत आहे का तुला?" काकांना माहीत नव्हते. "शिट्टी घे," शेठजी म्हणाले. "शिवराज आहे हत्यार घेऊन. तू माणसं बघ."

ती दिवाळी मी कपाटात काढली. बाहेर फटाके वाजत होते आणि मी कुलपामागे, स्थिर. मला वाटायचे, स्थिर झाले की बरे वाटेल. तसे झाले नाही. काका दारावर नुसती शिट्टी घेऊन उभे आहेत, गर्दी वाढते आहे, आणि मी इथे, हेच डोक्यात फिरत राहिले. पण हळूहळू एक गोष्ट कळली. ज्या हाताला खात्री नाही त्या हातात मी नसणे, हीसुद्धा माझी काळजी घेणेच आहे. आणि त्या मुलीचीही.

महिनाभरात काका आठ वेळा रेंजवर आले. चष्मा नाकावर रुळला. मार्गशीर्षात, लग्नसराईच्या दिवसांत, मी पुन्हा त्यांच्या कमरेला लागले.

मित्रांनो, तुमच्या हातात पिस्तूल नाही आणि नसावे. कधी कुठे दिसलेच, तर हात लावू नका, मोठ्या माणसाला बोलवा. पण तुमच्या वर्गात फळा आहे. शेवटच्या बाकावरून अक्षरे पुसट दिसत असतील, तुम्ही शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत असाल, आणि बाईंनी विचारल्यावर "दिसतं" म्हणत असाल, तर आजच घरी सांगा. घरात आजोबा चहात साखरेऐवजी मीठ घालत असतील, तर हसण्याआधी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. न दिसणे हा कुणाचा दोष नाही. न दिसणे लपवले की मग मागे कोण उभे आहे, तेही झाकले जाते.

मी अजूनही हलतेच. पण आता रोज सकाळी, घरातून निघण्यापूर्वी, राजेंद्रकाका रिकामे पिस्तूल भिंतीकडे धरतात. काच पुसतात, ठिपका सुरू करतात, तो माझ्या माथ्यावर बसला का ते पाहतात. मग, खोलीत दुसरे कुणी नसले तरी, स्पष्ट आवाजात म्हणतात, "ठिपका गोल. माशी पुसट."

आणि मगच मॅगझिन लावतात.